माझ्या वाट्याला आलेला विषय

मास्तर मीठ खात नसत. त्यांची पेज अळणी, डाळ अळणी. घरात माशाची कढी झाली की त्यांची भावजय त्यांच्यापुरती वाटीभर आधी बाजूला काढायची आणि मग उरलेल्या कढीत मीठ घालायची. गावात कोणी म्हणायचं, त्यांना कसलासा आजार आहे. कोणी म्हणायचं, नवस आहे. मी सातवीत असताना धीर करून विचारलं, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की पाण्याच्या बाबतीत मीठ खाणाऱ्याच्या जिभेवर विश्वास ठेवता येत नाही.

आमच्या गावात सात वाड्या आणि तेव्हा अकरा विहिरी होत्या. मास्तर दर महिन्याला या अकरा विहिरींचं पाणी चाखत. घोट तोंडात धरून ते डोळे मिटायचे, आणि कळश्या घेऊन आलेल्या बायका आपलं बोलणं थांबवून त्यांच्याकडे बघत उभ्या राहायच्या. मग घोट गिळून ते वहीत काहीतरी टिपायचे. विहिरीत पाणी किती हात उरलंय हे मोजायला ते आपली छत्रीच दोरीला बांधून आत सोडत. छत्रीच्या दांड्यावर त्यांनी चाकूने खुणा केल्या होत्या. सारखी भिजून त्या छत्रीचं कापड कुजलं होतं आणि पावसाळ्यात ती उघडली की मास्तर छत्रीखाली अधिक भिजायचे. तरी नवी छत्री त्यांनी घेतली नाही. खुणा पुन्हा कोण करणार, असं म्हणायचे.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. गावात त्यांना कोणी नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. ते आमच्या प्राथमिक शाळेचे हेडमास्तर होते, निवृत्त झाले तरी मास्तरच राहिले. लग्न केलं नव्हतं. कॉलेज त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. सातवीची फायनल परीक्षा आणि मग शिक्षकाचं ट्रेनिंग, एवढंच त्यांचं शिक्षण. पण कॉलेजात कोणकोणते विषय असतात हे त्यांना पाठ होतं. मुंबईहून आलेल्या कोणाच्या तरी ट्रंकेत तळाला घातलेलं विद्यापीठाचं एक जुनं, पुठ्ठा गेलेलं माहितीपुस्तक त्यांना मिळालं होतं. इंग्रजी शब्दकोश शेजारी घेऊन त्यांनी त्यातल्या प्रत्येक विषयाचं मराठी नाव काढलं होतं.

आमच्याकडे देवळात प्रत्येक घराचा मान ठरलेला असतो. जत्रेत देवाचा तरंग, म्हणजे सजवलेला खांब, कोणी धरायचा, पालखीला पहिला खांदा कोणाचा, दिवटी कोणाच्या हातात, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्यांचं वाटप असतं आणि त्यात कोणी हात घातला तर भावाभावांचं बोलणं बंद होतं. मास्तरांनी एकदा गावच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की जसे मान वाटले आहेत तसे विषयही वाटून घ्या. एका वाडीने वैद्यक घ्यावं, एकीने कायदा, एकीने शेतकी. वीस वर्षांत या गावाला कोणाच्या दारात काही विचारायला जावं लागणार नाही. हे सगळं ते पुस्तकातल्या मराठीत बोलले. महत्त्वाचं काही असलं की मास्तर मालवणी सोडून देत, जणू समोर शाळा तपासायला साहेब बसला आहे. मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तरानू, आमच्या वाडीक झोप द्या. ता आमका येता." बैठक हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, कोणत्या वाडीचा बोलला, आणि वही काढली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फुटक्या होडीची एक रुंद फळी आणून आपल्या पडवीत उभी केली. तिच्यावर पांढऱ्या रंगाने एकाखाली एक विषय लिहिले. विषयांपुढे खडूने मुलांची नावं. खडू अशासाठी की मुलगा नापास झाला तर नाव पुसून दुसरं घालता यावं. पण मी त्यांना नाव पुसताना कधी पाहिलं नाही. वनस्पतिशास्त्रापुढे ज्याचं नाव होतं तो मुंबईला गोदीत कारकून झाला. त्याच्या नावापुढे मास्तरांनी "बाहेरगावी" एवढंच लिहिलं. रसायनशास्त्रापुढे एका मुलीचं नाव होतं. तिचं सातवी झाल्यावर शिरोड्याला लग्न झालं. ती बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मास्तर तिच्या घरी गेले आणि मूल थोडं मोठं झाल्यावर पुढचा विचार कर, असं सांगून आले. तिच्या आईने डोळ्याला पदर लावला. मास्तरांना का ते समजलं नाही.

एक मुलगा मात्र खरोखरच डॉक्टर झाला. पहिल्या वर्षी तो गणपतीला आला, तेव्हा मास्तरांनी त्याला आपल्या पडवीत खुर्चीवर बसवलं आणि सातही वाड्यांना निरोप धाडले. बिचाऱ्याने आरत्याही धड ऐकल्या नाहीत. पाच दिवस तो लोकांच्या जिभा आणि डोळे बघत होता. पुढच्या वर्षी तो गणपतीला आला नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मास्तर मोटारीच्या थांब्यावर दोन्ही वर्षं जाऊन उभे राहिले होते.

माझा विषय मी सातवी पास झालो त्या दिवशी ठरला. माझे वडील खाडीवर तर चालवायचे. लोकांना होडीतून अल्याड-पल्याड सोडायचे. त्यांना अक्षर येत नव्हतं. ते मला घेऊन मास्तरांकडे गेले आणि पडवीच्या पायरीखालीच उभे राहून विचारलं, "मास्तरानू, ह्येका फुडे शिकवू, काय तरीर घेव?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते फळीकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "तुमच्या वाडीचं पाणी खारट. भूगर्भशास्त्र." आणि माझं नाव लिहून टाकलं.

ते काय असतं, असं वडिलांनी विचारलं. जमिनीच्या पोटात काय आहे ते सांगणारं शास्त्र, असं मास्तरांनी सांगितलं. त्यानंतर चार वर्षं, मी शहरातल्या हायस्कुलात जाऊन मॅट्रिक होईपर्यंत, वडील तरीवरच्या प्रत्येक उतारूला सांगायचे, "आमचो झील जमिनीच्या पोटातला शिकतलो."

आमची वाडी खाडीला लागून. वाडीत दोन विहिरी, पण फाल्गुन लागला की दोन्हींचं पाणी मचूळ व्हायचं आणि चैत्रात तोंडात धरवत नसे. मग बायका सडा चढून वरच्या वाडीच्या विहिरीवर जात. सडा म्हणजे काळ्या कातळाचा उघडा माळ, सावलीला झाड नाही. माझी आई सकाळी दोन खेपा करायची आणि संध्याकाळी एक. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी. तिच्या डोक्यावर मधोमध केस गेले होते. वाडीच्या वरच्या अंगाला मास्तरांची थोडी भरड, उंचवट्यावरची कोरडी जमीन होती, ती त्यांनी विहिरीसाठी दिली होती. जागा त्यांची, अंगमेहनत वाडीची, असं ठरलं होतं. फक्त नेमकं कुठे खणायचं हे ठरायचं होतं.

मी कोल्हापूरला कॉलेजात गेलो. फोंड्याहून घाट चढणारी मोटार मला लागली आणि वर पोचेपर्यंत मी दोन वेळा ओकलो. कॉलेजच्या खिडकीसमोर रांग होती. माझ्या पुढचे दोघे आपसात बोलत होते की सायन्सला पहिल्या वर्षी निम्मी मुलं नापास होतात, सगळं इंग्रजीत असतं, प्रयोगशाळेत एकदा काही फुटलं की प्राध्यापक तोंडावर बोलतात. मी मराठी शाळेतून आलेला. आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिला. नापास होऊन परत गेलो तर तरीवर वडील लोकांना काय सांगतील, हे मला दिसत होतं. अर्जावर शाखा लिहायची जागा कोरी होती. खिडकीतल्या कारकुनाने पेन आपटलं आणि विचारलं, "काय ते बोला. आर्ट्स की सायन्स?"

मी आर्ट्स म्हणालो.

हे मी का म्हणालो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भीती वाटली एवढंच त्याचं खरं उत्तर आहे. मला दुसरं काही आवडत होतं असंही नाही. काय आवडतं हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलेलं नव्हतं. नंतर इंटर पास झाल्यावर मी इतिहास हा मुख्य विषय घेतला, तोही पाठ करून पास होता येतं म्हणून.

मास्तरांचं पहिलं कार्ड आठवड्यात आलं. त्यावर एकच ओळ होती : विषय सुरू झाला का? मी उलट टपाली लिहिलं की वर्ग सुरू झाले आहेत. हे खोटं नव्हतं. पण मास्तरांनी ते कार्ड आमच्या वाडीत नेऊन वाचून दाखवलं आणि भूगर्भशास्त्र सुरू झालं असं सगळ्यांना सांगितलं. दिवाळीत मी घरी गेलो तर वाडीतल्या बायका माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होत्या. आईने चुलीपुढे बसून विहिरीचं विचारलं, "तुझा शिकान झाला काय आपली बाव होतली मां रे?"

मी होय म्हणालो. खोटं तिथे सुरू झालं असं मी धरतो.

मग मास्तर पुड्या पाठवू लागले. एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे, तो कोल्हापूरच्या स्टँडवर ठेवायचा. तंबाखूच्या रिकाम्या डब्यांत माती, कागदात गुंडाळलेले जांभ्या चिऱ्याचे तुकडे, औषधाच्या बाटल्यांत पाणी. प्रत्येकावर चिठ्ठी : अमुक वाडी, अमुक हातांवर, तारीख, चव. चवीच्या ठिकाणी ते "किंचित", "बरीच" किंवा "नाही" असं लिहीत. एकदा मी यातला एक डबा घेऊन भूगर्भशास्त्राच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत मुलं टेबलांवर वाकून दगड बघत होती. एका मुलाने वर बघितलं. मी डबा घेऊन परत आलो. मग ते सगळं मी खाटेखाली ढकललं, आणि दुसऱ्या वर्षी खोली बदलली तेव्हा माती आवारातल्या झाडाखाली ओतून डबे भंगारवाल्याला दिले. मास्तरांना लिहिलं की तपासणी चालू आहे.

या काळात वाडीत विहीर खणून झाली असती. लांबच्या एका गावातून जमिनीखालचं पाणी सांगणारा एक पाणाड्या आला होता. तळहातावर नारळ धरून चालायचा आणि नारळ उभा राहिला की थांबायचा. मास्तरांच्या भरडात एका काजूजवळ त्याचा नारळ उभा राहिला आणि तो म्हणाला, "हय पाणी आसा." वाडीतले पुरुष पहारी आणायला निघाले. मास्तर आडवे आले. त्यांनी पाणाड्याला विचारलं, "तुमची शाखा कोणती?"

तो गोंधळला. "शाखा कसली? मी देवाक सांगान चलतंय."

"मग देवालाच खणायला सांगा," मास्तर म्हणाले.

पुरुष हसले. बायका हसल्या नाहीत. त्यांतल्या एकीने विचारलं की मास्तरानू, आणि किती वर्सां? मास्तरांनी बोटं मोजून सांगितलं, कोल्हापूरला गेलेल्या आपल्या मुलाचं तिसरं वर्ष पुरं झालं की. हे मला आईने पुढच्या सुट्टीत सांगितलं. सांगताना तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मुलाच्या शिक्षणासाठी तीन उन्हाळे सडा चढायचा, तर चढू, असं तिला वाटत होतं. आणि तिच्याबरोबर वाडीतल्या बाकीच्या वीस-पंचवीस बायकाही चढत होत्या.

तिसऱ्या वर्षाची, म्हणजे ज्युनिअरची परीक्षा देऊन मी मेच्या सुरुवातीला गावी आलो, तेव्हा मास्तर मोटारीच्या थांब्यावर उभे होते. त्यांनी माझी ट्रंक स्वतः उचलली. मी ओढून घेतली तर म्हणाले, असू दे, तुझ्या डोक्यात ओझं आहे. मला घरी न नेता ते थेट भरडात घेऊन गेले. तिथे वाडी जमली होती. पहारी, घण, दोर, टोपल्या सगळं तयार होतं. वडील तरीची होडी बांधून आले होते. आई बायकांत मागे उभी होती.

"जागा दाखव," मास्तर म्हणाले.

त्या क्षणी मी खरं सांगू शकत होतो. एवढे लोक बघत असताना मला ते जमलं नाही. मी खाली वाकून माती उचलली, बोटांत चोळली. सिनेमातला डॉक्टर नाडी बघतो तसं ते होतं. मग मला पाणाड्याची गोष्ट आठवली. काजूपासून चार पावलं बाजूला जाऊन मी पाय ठेवला. अगदी तीच जागा धरायची लाज वाटली म्हणून चार पावलं.

खणायला सतरा दिवस लागले. वरचा चिरा पहारीने निघत होता, खाली तो नरम आणि पिवळा झाला. मास्तर काठावर छत्री घेऊन बसायचे आणि दर हाताला वहीत लिहायचे. मी रोज तिथे असायचो. लोक वर येऊन मला विचारायचे, हा दगड कसला, ही माती कसली. मी इंग्रजीसारखं काहीतरी सांगायचो. सोळाव्या हातावर ओल लागली. अठराव्या हातावर कोपऱ्यातून पाणी आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गुडघाभर साठलं होतं. मास्तरांनी चाखलं. मग कळशी आईच्या हातात दिली. ती प्यायली आणि बायकांकडे वळून म्हणाली, "गोडा आसा गो."

मी तिला तशी हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिथे थांबायला हवं होतं. पण कोणीतरी म्हणालं की हे पाणी सगळ्या वाडीला पुरेल का? कोणी म्हणालं, पुढल्या वर्षी आटलं तर? मास्तरांनी सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आणखी खणायचं का?"

मी विचार केला की खाली पाणी जास्त असणार. एवढाच विचार केला. आणि सगळे माझ्याकडे बघत होते, मास्तर वही उघडून बसले होते, म्हणून मला काहीतरी नेमकं सांगावंसं वाटलं. "आणखी पाच हात," मी म्हणालो.

खाली उभा असलेला माणूस वर बघून म्हणाला, "गावला हा ता पुरे नाय काय?"

"शास्त्र आहे ते," मास्तर त्याला म्हणाले. "खण."

पाच हात खणायला पाच दिवस लागले, कारण पाणी उपसत खणावं लागत होतं. पाणी खरंच वाढलं. वाडीत नारळ फुटला. मास्तरांनी घोट तोंडात घेतला आणि डोळे मिटले. ते नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटलेले राहिले. मग त्यांनी तो घोट बाजूला थुंकला. वहीत काही लिहिलं नाही. मी जवळच होतो. त्यांनी माझ्याकडेही बघितलं नाही.

दोन दिवस ते पाणी खारट झाल्याचं फक्त त्यांच्या जिभेला कळत होतं. तिसऱ्या दिवशी ते सगळ्यांना कळलं. मास्तरांनी तळाचे पाच हात दगड-मातीने भरून घ्यायला लावले, पण खारं पाणी त्यातूनही वर येतच राहिलं. आठवड्याभरात ती विहीर आमच्या जुन्या दोन विहिरींहून खारट झाली. त्या दिवशी संध्याकाळी आई हंडा घेऊन सडा चढून गेली.

वाडी देवळासमोर बसली. लोक चिडलेले होते, आणि ते बरोबरच होतं. तीन उन्हाळे वाट बघून, बावीस दिवस हाडं मोडून त्यांना खारं पाणी मिळालं होतं. कोणीतरी विचारलं, "फुडे खणूक कोणी सांगितल्यान?" खणताना तिथे असलेल्यांना ते माहीत होतं. त्यांच्यापैकी दोघे-तिघे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं, पण त्याआधी मास्तर उठले.

"मी सांगितलंय," ते म्हणाले. "झिलान माका मागसून नको म्हटल्यान होता. मीच आयकलंय नाय."

ते मालवणीत बोलले. बैठकीत ते मालवणीत बोललेले मी पहिल्यांदाच ऐकत होतो. लोक त्यांना नको ते बोलले. तुमची फळी, तुमची छत्री, तुमची जीभ, सगळं निघालं. पाणाड्याला हाकललं तेही निघालं. ते उभेच होते. मी बसून होतो. माझे वडील माझ्या शेजारी होते आणि मास्तरांनी मला वाचवलं असं त्यांना वाटत नव्हतं. आपला मुलगा बरोबर होता आणि म्हाताऱ्याने ऐकलं नाही, असंच त्यांना वाटत होतं. मरेपर्यंत ते तसंच समजत होते.

सीनिअरच्या वर्षी माझ्या खोलीत एक नवा मुलगा आला. त्याचा विषय भूगर्भशास्त्र होता. एक दिवस मी त्याला, दुसऱ्याच्या गावची गोष्ट असल्यासारखं, सगळं सांगितलं. तो पुस्तकातून मान वर न काढता म्हणाला की किनाऱ्याला गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असते तसं. गोडं लागलं की थांबायचं. खाली गेलात की समुद्र वर येतो. मग त्याने मान वर केली. "हे तर आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात," तो म्हणाला. "कोण गाढव होता तो?"

त्या दिवाळीत मी मास्तरांकडे गेलो. त्यांच्याकडे आता कोणी येत नव्हतं. भावजय म्हणाली, मास्तर विहिरींवर जायचे बंद झाले आहेत आणि सगळ्यांसारखंच जेवतात, मीठ-बीठ घातलेलं. ते पडवीत बसून जुन्या वह्यांचे सुटलेले धागे शिवत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "मास्तर, मी भूगर्भशास्त्र शिकत नाही."

त्यांची सुई थांबली. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मला वाटलं ते उठून आत जातील. मी मनात म्हणत होतो, जावं. शेवटी त्यांनी विचारलं, "मग काय शिकतोस?"

"इतिहास."

त्यांनी सुई वहीत टोचून ठेवली. आणि मग ते मालवणीत बोलायला लागले, विषयाबद्दल पहिल्यांदाच मालवणीत.

"इतिहास म्हणजे काय घडला ता लिवचा मां?"

"होय."

"मगे ह्या लिव. बाव कोणी खारी केल्यान ता लिव." मग म्हणाले, "पण आत्ता नको. आत्ता लिवलंस तर कोण आपल्या झिलाक शाळेत घालूचो नाय. म्हणतले, शिकलेलो असोच फसयता. मी म्हातारो. माझ्या नावार ऱ्हवांदे. मी गेल्यार लिव."

तेव्हा मला कळलं की देवळासमोर ते मला वाचवायला उठले नव्हते. फळीवर माझ्या खाली अजून सहा-सात विषय रिकामे होते. ते त्या विषयांना वाचवत होते.

मास्तर माझी बी.ए.ची परीक्षा झाली त्या पावसाळ्यात गेले. मोटारी बंद होत्या, मला उशिरा कळलं. मी गावी गेल्यावर भावजयीने सांगितलं की ताप होता आणि शेवटी ते कोणा मुलाला नावाने हाक मारून गणित घे म्हणून सांगत होते. त्या घरात त्या नावाचा मुलगा नव्हता. त्यांना नेताना आमच्या वाडीतून चारच माणसं गेली, असंही ती म्हणाली. त्यांत माझे वडील नव्हते.

मी आता फोंड्याच्या हायस्कुलात इतिहास शिकवतो. सुट्टीत वाडीत जातो तेव्हा ती विहीर दिसते. बायका तिच्यावर भांडी घासतात, जाळी धुतात. तिला "मास्तराची खारी" म्हणतात, आणि ज्या मुलांनी मास्तरांना पाहिलंही नाही तीही तसंच म्हणतात. एखाद्याचा मुलगा शिकून फुकट गेला की लोक म्हणतात, खारी झाली. मी ते ऐकतो. आई अजून सडा चढते. आता एकच खेप करते.

मास्तरांना जाऊन सहा वर्षं झाली. मी लिहायचं म्हणून कितीदा बसलो आणि उठलो. आपण होऊन ज्याने विषय घेतलाच नाही त्याला लिहिण्याचा काय अधिकार, असं वाटायचं. पण त्यांनी मला एकच काम सांगितलं होतं, आणि ते माझ्या विषयातलं होतं. म्हणून जे घडलं ते इथे लिहून ठेवतो. अठरा हातांवर गोडं पाणी लागलं होतं. पुढचे पाच हात खणायला मास्तरांनी सांगितलं नाही. मी नको म्हटलेलं नव्हतं. पाच हात मी सांगितले.